कपाटातील रिव्हॉल्व्हर

हेब्बाळच्या जुन्या वस्तीत २०१८ साली एक वीरगळ उजेडात आला. दगड आठव्या शतकातील, गंग राजा श्रीपुरुष याच्या राजवटीतला. पेर्बोळल नाडूवर रट्टवाडीचे, म्हणजे राष्ट्रकूटांचे, सैन्य चालून आले असता कित्तय्य नावाचा वीर लढताना पडला, एवढीच हकीकत त्यावर जुन्या कन्नडात कोरलेली आहे. या पेर्बोळलचे पुढे हेब्बाळ झाले. वेरूळचे कैलास लेणे ज्यांच्या काळात खोदले गेले, त्याच राजघराण्याचे हे सैन्य. 'हेब्बाळात आपल्याकडची माणसे प्रथम केव्हा आली?' हा प्रश्न या सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्हांस पुष्कळांनी विचारला. राष्ट्रकूटांवर कन्नड मंडळींचा हक्क आपल्यापेक्षा कमी नाही, हे ध्यानात ठेवून बोलायचे, तर त्याचे एक उत्तर या दगडावर आहे. मात्र ती मंडळी वर्गणीसाठी आलेली नव्हती, हातात शस्त्रे घेऊन आली होती.

शस्त्राची आणि ते धरणाऱ्या हाताची आठवण दगडात जतन करून ठेवावी, ही कर्नाटकाची फार जुनी चाल आहे. ती केवळ रणात पडलेल्यांपुरती नव्हती. वाघाशी झुंजून मेलेल्यांचे वीरगळ या प्रदेशात आढळतात, तसेच रानडुकराशी झुंजलेल्यांचेही. मंड्य जिल्ह्यातील आतकूर येथील दहाव्या शतकातला लेख तर एका कुत्र्याचे स्मारक म्हणून प्रसिद्ध आहे. गंग राजा बूतुग याने मणलेर नावाच्या आपल्या सरदाराला पराक्रमाबद्दल 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा दिला. त्या कुत्र्याची एका मोठ्या रानडुकराशी गाठ पडली आणि झुंजीत दोघेही गतप्राण झाले. त्याच्या स्मरणार्थ दगड उभारला, जमीन लावून दिली, पूजा नेमली. तो दगड आज बंगळुरूच्या शासकीय संग्रहालयात आहे. आपल्या मुलाबाळांना तो अवश्य दाखवावा. शिकारीच्या हकीकतीत मारणाऱ्याइतकेच मरणाऱ्यालाही स्थान देणारे असे लेख फार थोडे.

हे सारे आठवण्यास कारण घडले ते असे. महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी आम्ही जुन्या कुटुंबांकडून वस्तू मागविल्या, तेव्हा अडकित्ते, पुरणयंत्रे, गावाकडून आणलेले पितळी देव आणि हार्मोनियम यांच्या राशीत एका घरून कमरेला लावण्याचे एक कातडी होल्स्टर आले. ते रिकामे होते. सोबत जुन्या शस्त्रपरवान्याची पुस्तिका होती आणि चिठ्ठीत लिहिले होते, 'आमच्या अप्पांचे शिकारीचे रिव्हॉल्व्हर'. अप्पांना आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. सैन्यातून निवृत्त होऊन ते हेब्बाळला स्थायिक झाले होते, आणि गणेशोत्सवात आरती संपल्यावर प्रसादाच्या ताटाभोवती त्यांच्या शिकारकथा ऐकण्यात आमची पिढी वाढली. या कथांत बंदूक क्वचित असे. असे ते नेहमी रिव्हॉल्व्हरच. तेव्हा प्रदर्शनातील त्या वस्तूखाली नेमके काय लिहावे, हे ठरविण्यासाठी आम्ही थोडा शोध घेतला. त्या शोधाचे फलित म्हणजे हा लेख.

मराठी माणसाचा कर्नाटकातील शिकारीशी संबंध जुना आहे आणि त्याची सुरुवात एका शोकांतिकेने होते. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीने बंगळुरूची जहागीर शहाजीराजांना दिली. त्यानंतर सुमारे पाव शतक त्यांचे वास्तव्य बव्हंशी कर्नाटकातच झाले. २३ जानेवारी १६६४ रोजी, आजच्या दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरे येथे, शिकारीत घोडा दौडवीत असताना ते पडले आणि जागीच मरण पावले. त्यांची समाधी तेथेच आहे. ज्या पुरुषाने निजामशाही, आदिलशाही आणि मोगल या तिघांच्या राजकारणात आयुष्य काढले, त्याचा अंत एका जनावराच्या पाठलागात व्हावा, ही घटना इतिहासकार दोन ओळींत उरकतात. शिकारीचे रान कोणाचाही मुलाहिजा ठेवत नाही, हे मात्र अप्पाही सांगत, आणि सांगताना होदिगेरेचे नाव घेत.

शहाजीराजांच्या काळी शिकार भाल्याने, तिरकमठ्याने आणि तोड्याच्या बंदुकीने होई. घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारण्याची चाल तर संस्थानी काळापर्यंत टिकली आणि कोल्हापूरचे शाहू महाराज तिच्यात निष्णात गणले जात. आपल्या भाषेत 'काडतूस' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, 'तमंचा' तुर्कांकडून. हातात मावणारे शस्त्र आपल्याकडे पूर्वीपासून परिचित होते, पण ते शिकारीचे शस्त्र कधीच नव्हते. भारतातील शिकारीत पिस्तुलाचा खरा प्रवेश झाला तो हत्तीच्या पाठीवरून. इंग्रज साहेब हौद्यात बसून वाघाच्या हाक्याला जात. जखमी वाघ उसळून हत्तीच्या मस्तकावर किंवा पुठ्ठ्यावर चढला, तर लांब नळीची बंदूक वळविण्यास जागाही नसे आणि वेळही नसे. अशा प्रसंगासाठी दोन नळ्यांची, क्वचित चार नळ्यांची, जाड गोळीची आखूड पिस्तुले इंग्लंडमधील कारागीर बनवू लागले. इंग्रजी भाषेत त्यांचे नावच 'हौदा पिस्तूल' असे पडले. आपला एक शब्द अशा रीतीने बर्मिंगहॅम आणि लंडनच्या दुकानांत जाऊन बसला. ही पिस्तुले शिकार साधण्यासाठी नव्हती. शिकार फसली की जीव वाचविण्यासाठी होती. पुढे रिव्हॉल्व्हर आले, त्याने शिकाऱ्याच्या कमरेवर हीच जागा घेतली, आणि हाच त्याचा वारसा.

सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन माणसाने फिरत्या कोठीच्या पिस्तुलाचे एकस्व १८३५-३६ मध्ये मिळविले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याची शस्त्रे मांडली गेली. तेथेच रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराचे रिव्हॉल्व्हरही होते, आणि सहा वर्षांनी, १८५७ च्या धामधुमीत, हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला या दोघांचीही शस्त्रे दिसू लागली. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारले. त्या काळी अधिकाऱ्याने आपले शस्त्र स्वखर्चाने घ्यायचे असे. मात्र त्यात सरकारी काडतूस बसले पाहिजे, एवढी अट होती. वेब्लीची रचना मोठी सुबक. वरची कळ दाबली की नळी पुढे लवते, कोठी उघडते आणि सहाही रिकामी पुंगळी एकदम वर उचलली जातात. नवी काडतुसे भरून झटका दिला की शस्त्र पुन्हा मिटते. ते मिटतानाचा खट्ट आवाज आमच्यापैकी अनेकांच्या कानांत अद्याप आहे, कारण दसऱ्याला शस्त्रपूजेच्या आधी अप्पा ते सर्वांसमोर उघडून, रिकामे असल्याचे दाखवून, मगच पाटावर ठेवीत. हळदकुंकू वाहताना काकू मात्र तोंड फिरवून घेत.

आता या शस्त्राने शिकार होते काय? वेब्लीच्या पंचावन्न-चारशे, म्हणजे .४५५ बोअरच्या सैनिकी काडतुसातील गोळी सुमारे १७ ग्रॅम वजनाची आणि तिचा वेग सेकंदाला साधारण ६०० फूट. बंगळुरूचे प्रख्यात शिकारी आणि लेखक केनेथ अँडरसन यांची आवडती रायफल .४०५ विंचेस्टर. तिची गोळी वजनाने थोडीच जड, पण वेग सेकंदाला सुमारे २२०० फूट. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत शिकलेले गणित येथे लावले की फरक सुमारे पंधरा पटींचा होतो. शिवाय रिव्हॉल्व्हरची नळी वीतभरही नसते. वीस-पंचवीस पावलांपलीकडे नेम धरणे ही सरावाची नव्हे, दैवाची बाब. अमेरिकेत १९३५ पासून 'मॅग्नम' जातीची जबरदस्त रिव्हॉल्व्हरे निघाली आणि तेथे त्यांनी हरणे मारण्याचा एक खेळच रूढ झाला. भारतात तसे कधीच झाले नाही. अँडरसन १९७४ साली वारले. जवळगिरी, गुम्मळापूर या बंगळुरूपासून फार दूर नसलेल्या गावांच्या नरभक्षकांच्या त्यांच्या कथा आम्ही सर्वांनी वाचल्या आहेत. त्यांतील भरवसा रायफलीवरच आहे.

अप्पांचे शस्त्र तर .४५५ चेही नव्हते. परवान्याच्या पुस्तिकेत स्पष्ट नोंद आहे: वेब्ली, बत्तीस बोअर. सैन्यातील शस्त्र सरकारचे असते, ते निवृत्त होताना परत करावे लागते, आणि सैनिकी बोअरची शस्त्रे नागरिकाला सहसा मिळत नसत. म्हणून निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी दिसे ते बहुधा हेच लहान बोअरचे, खाजगी खरेदीचे रिव्हॉल्व्हर. ही नोंद वाचताच आमच्या बालपणीच्या दोन-तीन बिबट्यांनी प्राण सोडले, हे कबूल केले पाहिजे.

मग अशा शस्त्राचा एवढा अभिमान का? याचे उत्तर रानात नसून कायद्यात आहे, असे आमचे मत झाले. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे बंद झाले आणि युरोपियनांना मात्र सवलत राहिली. त्या दिवसापासून परवाना हा सरकारच्या विश्वासाचा दाखला बनला. पुण्यात १८९७ साली चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, नाशकात १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडली, १९३१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हॉटसनवर. या प्रत्येक घटनेनंतर मराठी मुलखात पिस्तुलाकडे पाहण्याची सरकारची नजर अधिकच करडी झाली असणार. अशा काळात ज्यांच्याकडे परवाना होता ती घरे सरकारमान्य, सरळ शब्दांत राजनिष्ठ. पूजेच्या पाटावर ठेवलेल्या त्या शस्त्राला ही दुसरी बाजू आहे, आणि आम्ही मुले ज्या क्रांतिकारकांच्या कथा ऐकून रोमांचित होत असू, त्यांच्या हातांतील पिस्तुले बिनपरवान्याची होती, हे आम्हांस कोणी सांगितले नाही. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्रकायदा आला. परवाना तीन-तीन वर्षांनी नवा करून घ्यावा लागे. १९८३ मध्ये एका माणसाला तीनच शस्त्रे अशी मर्यादा आली, २०१९ मध्ये ती दोनांवर आली आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली.

हेब्बाळ परिसरात मराठी कुटुंबे वाढली ती याच स्वातंत्र्योत्तर काळात. जालहळ्ळीला १९५० नंतर घड्याळे-यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सरकारी कारखाने निघाले, १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले, वायुदलाच्या प्रशिक्षण विभागाचे मुख्यालय येथे आले. कोणी सांगलीहून आले, कोणी बेळगावहून, कोणी नागपूरहून. गावाकडे ज्यांच्या घरी ठासणीची बंदूक होती त्यांना येथे मोकळे माळ आणि तळी दिसली. त्या काळी बंगळुरूच्या भोवती मागडी, कनकपुरा, आनेकल या वाटांनी निघाले की दोन-अडीच तासांत रान लागे. रविवारी पहाटे चार-पाच जणांनी जीप काढायची, डब्यात पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि संध्याकाळी दोन तितर, एखादा ससा घेऊन परतायचे, असा तो कार्यक्रम असे. ही सारी शिकार दुनळी बंदुकीची, छर्‍यांची. रिव्हॉल्व्हर कमरेला असे एवढेच.

ते एकदाच उपयोगात आले. ती हकीकत अप्पांनी प्रसादाच्या ताटाभोवती कधीच सांगितली नाही. आम्हांस ती त्यांच्या बरोबर जाणाऱ्या मंडळींपैकी आज हयात असलेल्या एका वृद्ध सभासदांकडून या लेखाच्या निमित्ताने कळली. कनकपुऱ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या नाचणीच्या पिकात डुकरे शिरत होती आणि त्यानेच बोलावणे धाडले होते. बरोबरच्या एकाने, पुरेसा उजेड नसताना, दुनळीचा बार टाकला. डुक्कर पडले नाही. मागचा भाग लुळा पडलेल्या अवस्थेत ते काटेरी झुडुपात शिरले आणि तेथून त्याचा आवाज येत राहिला. उजाडेपर्यंत थांबावे, असे सर्वांचे मत पडले. अप्पांनी ऐकले नाही. बत्ती एका हातात आणि रिव्हॉल्व्हर दुसऱ्या हातात घेऊन ते ओणव्याने आत गेले आणि दोन बार झाले. बाहेर आल्यावर ते कोणाशी बोलले नाहीत. मांस शेतकऱ्याच्या वाडीला दिले. परतीच्या वाटेवर, बार टाकणाऱ्या तरुणाला त्यांनी एवढेच बजावले की, दिसत नसेल त्यावर गोळी टाकायची नाही, आणि टाकली तर तिच्या मागे स्वतः जायचे. तो तरुण म्हणजेच हे वृद्ध सभासद. सांगताना ते दोनदा थांबले. त्यानंतर अप्पा शिकारीला गेल्याचे त्यांना आठवत नाही.

हेब्बाळचे तळे केंपेगौडांनी १५३७ मध्ये बांधविले असे मानले जाते. इंग्रजी अमदानीत बंगळुरूच्या भोवतालची तळी म्हणजे छावणीतील साहेबांची बदके व पाणलावे मारण्याची हुकमी जागा. थंडीत उत्तरेकडून तलवार बदके, थापट्ये आणि चक्रांग येत आणि त्यांच्या स्वागताला बंदुका सज्ज असत. आमच्या वडीलधाऱ्यांनीही यात हातभार लावला, हे लपविण्यात अर्थ नाही. १९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतेक मोठी जनावरे संरक्षित झाली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याने शिकार करण्याची उरलीसुरली वाटही जवळजवळ बंद झाली. पण पक्षी कमी झाले त्याचा सारा दोष बंदुकीच्या माथी मारणे सोपे आहे म्हणून खरे ठरत नाही. तळ्यात सांडपाणी आले, काठाने रस्ते आले, उड्डाणपूल आला. बंदुका म्यान झाल्यावरही पाणी आटत गेले. तरीही वारकरी आणि टिबुकल्या आहेत, झोळीवाले करकोच्यांच्या शेजारी उभे दिसतात, आणि मंडळातील काही तरुण-तरुणी रविवारी पहाटे दुर्बिणी घेऊन तेथे जातात. पहाटे उठण्याची वेळ तीच आहे. डब्यातील चटणीही तीच असावी.

शिकारी घराण्यांतून असा पालट होताना कर्नाटकात एक ठळक उदाहरण मराठी घराण्याचेच आहे. बळ्ळारी जिल्ह्यातील संडूर हे घोरपड्यांचे संस्थान. त्या घराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे (१९३१–२०११) हे कर्नाटकाचे अर्थमंत्री म्हणून प्रसिद्ध झाले, पण रानात ते गेले ते कॅमेरा घेऊन. त्यांचे वन्यजीवांच्या छायाचित्रांचे इंग्रजी पुस्तक १९८३ साली प्रकाशित झाले. राजवाड्यांच्या भिंतींवर पेंढा भरलेली मुंडकी टांगण्याची ज्या वर्गाची रीत, त्यातील एका माणसाने छायाप्रकाशात जिवंत हत्ती टिपावा, याचे मोल आम्हांस मोठे वाटते.

अप्पा गेल्यावर त्यांच्या रिव्हॉल्व्हरचे काय झाले, हे येथे सांगितले पाहिजे, कारण अशीच वेळ आणखी चार-पाच घरांवर आलेली आहे. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. मालक वारला की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला हवे असल्यास त्याने स्वतंत्र परवाना मागावा. तसे हे शस्त्र दर निवडणुकीला ठाण्यात जाऊन येतच असे, आणि ते आणायला अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून जात. या वेळी ते त्यांच्या कन्येने नेऊन दिले. मुलाने परवाना मागावा असे नातलगांचे म्हणणे पडले होते. घराण्याची वस्तू परक्या हाती कशी द्यावी, असा तो वाद होता आणि तो बरेच दिवस चालला. काकूंनी तो एका वाक्यात मिटविला: 'इतकी वर्षे घरात कुलूप मी सांभाळले, आता कोणी सांभाळू नये.' शस्त्र गेले, होल्स्टर राहिले. वेब्लीच्या नावाने बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हरे २०२० पासून उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात तयार होऊ लागली. ही बातमी ऐकून अप्पा काय म्हणाले असते, याची आम्ही कल्पना करून पाहिली. नवे ते नवे, एवढेच बहुधा.

प्रदर्शनातील पाटीचा प्रश्न राहिला होता. घरच्या मंडळींच्या चिठ्ठीप्रमाणे 'शिकारीचे रिव्हॉल्व्हर' असे लिहावे, तर ते खरे नव्हते, आणि नुसते 'होल्स्टर' लिहावे, तर अप्पा त्यात उरत नव्हते. समितीत मतभेद झाला. अखेर त्या वृद्ध सभासदांनी मजकूर सांगितला आणि काकूंची संमती घेऊन तोच लिहिला गेला. सभागृहाच्या डाव्या भिंतीशी, हार्मोनियमच्या शेजारी, तो वाचावयास मिळेल:

'वेब्ली, बत्तीस बोअर, याचे होल्स्टर. ससे, तितर, बदके पुष्कळ, ती सर्व दुनळीने. रिव्हॉल्व्हरने रानडुक्कर एक, दुसऱ्याने जखमी केलेले.'